हेममेखलेचं बारसं

मालकांनी बाळाचा मुका घेतला आणि तिच्या गालावर लाल रंगाचा ओला डाग उमटला.

मी निपाणीच्या स्टँडवरून थेट थिएटरच्या मागच्या दारानं आत आले होते. हातात पिशवी, पिशवीत झबलं, टोपडं आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. रंगपटात पाऊल टाकलं तर पहिलं दर्शन घडलं ते हे. रंगविलास संगीत मंडळीचे मालक, वय साठीला टेकलेलं, उघड्या अंगावर जानवं, कमरेला राजाचा पितांबर, अर्ध्या तोंडाला रंग लावलेला आणि अर्धं तोंड तसंच, घामानं तेलकट. गालात तंबाखूचा तोबरा. त्या तोंडानं ते माझ्या दोन महिन्यांच्या भाचीचे मुके घेत होते आणि पोर टाहो फोडत होती.

"वा! काय तार षड्ज लावलाय!" मालक म्हणाले आणि पिकदाणीच्या दिशेनं थुंकले. अर्धं पिकदाणीत पडलं, अर्धं बाळाच्या दुपट्यावर.

मी पोर त्यांच्या हातातून अक्षरशः काढून घेतली. पदरानं तिचा गाल पुसायला गेले तर डाग आणखी पसरला. तेलातला रंग तो, पुसून थोडाच जातोय.

"या, या, मास्तरीणबाई," मालक म्हणाले. "तुमचीच वाट बघत होतो. आत्याबाईंशिवाय बारसं कसं व्हायचं? आज दुसऱ्या अंकानंतर. रंगमंचावर. सबंध निपाणीत हस्तपत्रिका वाटल्यात, वखारवाले शेठ पहिल्या रांगेत बसणार आहेत."

"बारसं घरात करतात," मी म्हणाले.

"आमचं घर म्हणजे हेच!" त्यांनी हात पसरले. काखेतल्या घामाचा भपकारा माझ्या नाकात गेला.

बाराव्या दिवशीच बारसं करूया म्हणून मी गडहिंग्लजहून दोनदा निरोप धाडला होता. दिनू, माझा धाकटा भाऊ, त्या कंपनीत ऑर्गन वाजवायचा. त्याचं उत्तर एकच: मालक म्हणतात, निपाणीचा मुक्काम येऊ दे. का येऊ दे, ते आता कळत होतं. 'संगीत हेममेखला' हे नाटक सगळीकडे आपटलं होतं. ओस थिएटरात राजा भैरवी आळवायचा आणि मागच्या बाकांवर लोक झोपा काढायचे. तेव्हा नाटकाच्या नायिकेला, म्हणजे दिनूच्या बायकोला, झालेल्या मुलीला, नाटकाच्याच मध्यंतरात, नाटकाचंच नाव द्यायचं, अशी ही युक्ती. अस्वल नाचवून औषध विकणारा माणूस परवडला, तो निदान अस्वलाच्या पिलाचं बारसं मांडत नाही.

"आणि नाव काय ठेवायचंय?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"हेममेखला!" मालकांनी नाव तानेसारखं सोडलं. "हेम म्हणजे सोनं. मेखला म्हणजे कमरपट्टा. आमच्या तीर्थरूपांनी निर्माण केलेली शेवटची नायिका. काय नाद आहे बघा, हेम-मे-ख-ला!"

"म्हणजे मुलीचं नाव सोन्याचा कमरपट्टा."

"अहो, संस्कृत आहे ते."

"संस्कृतात म्हटलं तरी कमरेलाच बांधतात ना?"

मालक हसले. पोट हललं, जानवं हललं. ते आरशाकडे वळून उरलेल्या अर्ध्या तोंडाला रंग फासायला लागले.

त्या कंपनीत धड नावाचा माणूस सापडणं कठीण होतं. मालकांच्या वडिलांनी पाच-सहा संगीत नाटकं लिहून ठेवली होती आणि कंपनीच्या बिऱ्हाडात जे मूल जन्मेल त्याला त्यातल्याच पात्राचं नाव द्यायचं, असा रिवाज पाडला होता. आचाऱ्याचं नाव प्रतापमार्तंड. रोज सकाळी उकिडवा बसून तो वांगी चिरायचा. कपड्यांना इस्त्री करणारी जाडजूड बाई कुंदकलिका. कुंदाची कळी म्हणे! मालकांचा स्वतःचा चिरंजीव दिग्विजयसिंह, मॅट्रिकला दोनदा आपटलेला आणि तिकीटबारीवर बसून दात कोरणारा. पूर्वी मला या सगळ्याचं हसू यायचं. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी ही नावं सांगून मैत्रिणींना हसवलंही होतं. त्या दिवशी मात्र मांडीवरच्या पोरीच्या गालावरचा तो लाल डाग बघताना हसू आलं नाही.

आणि ती हेममेखला तरी कोण? पहिल्या अंकात तिचा बाप तिला द्यूतात हरतो. दुसऱ्या अंकात राजा तिला जिंकून आणतो, चार पदं म्हणतो आणि शिकारीला जाऊन विसरून जातो. तिसऱ्या अंकात त्याला आठवण येते, तो हाका मारतो, ती येते, एक पद म्हणते आणि अग्नीत उडी घेते. मग राजा शोक करतो, तोही गाऊन. हे नाव जन्मभर मिरवायचं.

बायकांच्या बाजूला, बाजेवर, विलू पोरीला पाजायला बसली. विलू म्हणजे माझी भावजय. अंगात राणीची चोळी, डोक्यावर अजून मुकुट नव्हता, पण केसांत खोट्या मोत्यांचे सर घालून झाले होते. सव्वा महिना होतो न होतो तोच मालकांनी तिला पुन्हा उभं केलं होतं. दोन पदांच्या मधे विंगेत येऊन पाजायची आणि परत जायची. तिच्या चोळीला सदान्‌कदा दुधाचे डाग, आणि त्यांवर जरीची ओढणी.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "तुमच्या वर्गात सगळ्यात जास्त मुलींचं नाव काय आहे?"

"का गं?"

"सांगा ना."

"उषा," मी म्हणाले. "एकाच वर्गात चार आहेत. नुसती हाक मारली तर चौघी उठतात. आडनाव लावावं लागतं."

"मग उषाच ठेवा. पाचवी."

"अगं, एवढं सरसकट? जरा निराळं ठेवू, गोडसं. माझ्या मनात..."

"निराळं नको." तिनं माझा हात धरला. हात तापलेला होता. "गर्दीत मिसळून जाईल असं हवं. कुणी वळून बघू नये असं."

ती पोरीकडे बघत बोलत होती.

"मी आठ वर्षांची असताना मिरजेचा मुक्काम लांबला होता. आईनं मला शाळेत घातलं. हजेरीला गुरुजींनी 'विलासलेखा' म्हटलं की मागची मुलं गळा काढून गायची. गुरुजीपण हसायचे. तीन महिन्यांत सुटली शाळा. मग सोळावं लागलं तसं थोरल्या मालकांनी बोलावलं. म्हणाले, नाव दिलंय, आता काम कर. गाणार का, असं कुणी विचारलंच नाही. नाव घेतलं होतं ना मी, पाळण्यात."

"तुला आवडत नाही काम?"

"गाणं आवडतं," ती म्हणाली. "पण थिएटरबाहेर पानपट्टीवर बाप्ये उभे असतात ना, ते 'विलास' हा शब्द कसा म्हणतात ते तुम्ही ऐकलं नाहीये, वन्सं. अंगावर हात फिरवल्यासारखं वाटतं. माझ्या बापाच्या देखत म्हणायचे. बाप तबला वाजवायचा. मान खाली घालून वाजवत राहायचा."

पाजून झालेली पोर तिनं माझ्याकडे दिली.

"इथं एकदा नाव पडलं की पोर कंपनीची झाली. त्यात आज तर सगळ्या गावासमोर ठेवणार. नाव सांगण्याचा मान तुमचा आहे. तो काही मालकांना घेता येणार नाही. तुम्ही उषा म्हणा."

"म्हणेन," मी म्हणाले. "आणि दिनू? त्याला हे माहीत आहे?"

"हे होय म्हणतात आणि ऑर्गनकडे जातात," विलू म्हणाली.

मीही गेले. दिनू रंगमंचाच्या खाली, ऑर्गनपाशी, फडक्यानं पट्ट्या पुसत होता. अंगात नवाकोरा रेशमी झब्बा, केसांना तेल, मनगटाला अत्तर. मला वाटलं, लेकीच्या बारशासाठी नटलाय. लहानपणी आई गेल्यावर मी या मुलाला जेवू घातलं होतं, पेटी शिकायची म्हणून रडला तेव्हा माझ्या पहिल्या पगारातून पेटी आणून दिली होती. त्याच्या बोटांत जादू होती, हे मी आजही नाकारत नाही.

"दिनू, हे काय चाललंय?"

"काय?"

"पोरीचं बारसं तिकीट लावून?"

"अगं ताई, एक दिवसाचा तर खेळ आहे. घरी काय म्हणायचं ते म्हण की."

"विलूला हे नाव नकोय."

"तिला सगळंच नको असतं." तो पट्टी पुसत राहिला. एकच पट्टी, पुन्हा पुन्हा. "मालकांना नाही कसं म्हणायचं? खातो त्यांचं."

"वाजवतोस ते कुणासाठी? फुकट खातोस का?"

"ताई, तू उगाच तमाशा करू नकोस हं."

"तमाशा मी करतेय?"

तेवढ्यात पहिली घंटा झाली. त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि स्टुलावर बसला. माझ्याकडे त्यानं बोलताना एकदाही बघितलं नव्हतं.

दुपारचा खेळ होता. थिएटर खरंच भरलं होतं. पहिल्या रांगेत वखारवाले शेठ, पांढरीशुभ्र धोतरं, बोटांत अंगठ्या. मागे तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, पोरांना कडेवर घेऊन, आज रविवार म्हणून आलेल्या. उकाडा, बिडीचा धूर, पंख्यांचा खडखडाट. दोन अंक मी विंगेत पोरीला घेऊन उभी राहून काढले. दुसऱ्या अंकाचा पडदा पडला तसे दोघांनी सिंहासन सरकवून पाळणा आणला. लाकडी पाळण्याला सोनेरी कागद चिकटवलेला, त्यातून खिळे बाहेर आलेले. आणि पाळण्याच्या आत, उशीच्या शेजारी, काळ्या चिकटपट्टीनं बांधलेला मायक्रोफोन.

"हा कशाला?" मी विचारलं.

"आत्याबाई कानात सांगतात ते प्रेक्षकांना ऐकू नको यायला?" मालक म्हणाले. आता ते पूर्ण राजा झाले होते. मिशीच्या डिंकाचा उग्र वास येत होता. "ऐका. तुम्ही वाकायचं, नाव सांगायचं. या दासी तुमच्या पाठीत धपाटे घालतील. दिनकरराव सूर धरतील आणि मी पद म्हणेन. घोटाळा नको."

तान्ह्या पोरीच्या कानात आत्या पहिल्यांदा जे बोलते ते त्या दोघींचं असतं. बाकीचे नंतर ऐकतात. माझ्या आईला तिच्या आत्यानं, मला माझ्या आत्यानं असंच सांगितलं. तिथंही या माणसानं वायर नेऊन सोडली होती.

पडदा वर गेला. मालकांनी भाषण केलं, कलेची सेवा, तीर्थरूपांची पुण्याई, निपाणीकरांची रसिकता. विलू सिंहासनाशेजारी उभी होती, मुकुट, ओढणी आणि कमरेला पुठ्ठ्याचा सोनेरी कमरपट्टा. ती माझ्याकडेच बघत होती. मी पोरीला पाळण्यात ठेवलं. मायक्रोफोन किंचाळला, पोर दचकली आणि रडायला लागली. कर्ण्यातून तिचं रडणं दसपट होऊन बाहेर पडलं, त्यावर पहिल्या रांगेतले शेठ खो खो हसले.

मी वाकले. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "उषा."

सगळ्या थिएटरभर उषा ऐकू आलं. भिंतींवरून परत आलं.

दासींचे हात वर उचलले गेले होते, ते तसेच राहिले. मागून एका बाईचा आवाज आला, "ऐकू आलं ओ! उषा म्हनल्या!" आणि दोन-चार बायकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. विलूनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते रंगाच्या थराखालूनही दिसत होतं.

मालक क्षणभर दगड झाले. पण मुरलेला नट तो. नाटकातलं हसतात तसं तीन टप्प्यांत हसून त्यांनी पाळण्यातला मायक्रोफोन उपटला.

"रसिकहो! आमच्या आत्याबाई शाळेत शिकवतात. रविवारीसुद्धा हजेरी घेतात!"

प्रचंड हशा.

"पण चुकलं काय त्यांचं? उषा म्हणजे पहाट! आणि पहाटेच्या कोवळ्या सोन्याची मेखला ल्यालेली ही आमची..." त्यांनी पाळण्यातून पोर उचलून डोक्याच्या वर धरली, "हेममेखला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा शब्द त्यांनी असा उचलला आणि खिशात घातला. पोरीची मान मागे लटकत होती. विलू धावत गेली आणि तिनं पोर खाली घेतली, तर प्रेक्षकांना तेही नाटकातलंच वाटलं, आणखी टाळ्या पडल्या.

"आणि अशी रंगमंचावर बारसं करण्याची ही रम्य कल्पना," मालक पुढे म्हणाले, "माझी नव्हे. माझी असती तर मी श्रेय सोडलं असतं का? ती आहे या कन्यारत्नाच्या पित्याची! सहा महिन्यांमागेच, बाळ पोटात असताना, त्यांनी मला सुचवली. असा माणूस मागे बसून कसं चालेल? आजपासून मंडळीचे संगीत दिग्दर्शक, दिनकरराव मराठे! उद्यापासून प्रत्येक हस्तपत्रिकेवर त्यांचं नाव माझ्या नावाखाली!"

दिनू उठला. झब्बा नीट केला. प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला, डावीकडे एक, उजवीकडे एक. मग बसला आणि भूपाचा सूर धरला. किती स्वच्छ सूर होता तो!

मी आजवर घाणीच्या खूप जागा बघितल्या. शाळेच्या संडासापासून सरकारी दवाखान्यापर्यंत. पण त्या दोन नमस्कारांइतकं गलिच्छ मी काही बघितलेलं नाही. बाळ पोटात असताना. बायकोच्या पोटावर हात ठेवून झोपणाऱ्या माणसानं, स्वतःचं नाव छापून यावं म्हणून, पोरीचं नाव आधीच देऊन टाकलं होतं. मालक काय, बाजारातला माणूस. मिळतंय म्हटल्यावर घेणारच.

मी विलूकडे बघितलं. ती दिनूकडे बघत होती. रडली नाही, ओरडली नाही. पद संपलं, पडदा पडला, तशी ती पोरीला घेऊन विंगेत येऊन उभी राहिली.

"दे तिला माझ्याकडे," मी म्हणाले. "तुझा प्रवेश येईल."

"राहू दे," ती म्हणाली.

"विलू, तुला हे माहीत होतं?"

"नाही." तिनं पोर खांद्यावर टाकली. मग म्हणाली, "माझा बाप निदान मान खाली घालायचा."

तिसरा अंक चढला. राजा वनात भटकला, त्याला तिची अंगठी सापडली, आठवण आली. दिनूनं सूर दिला. राजानं हात पसरले.

"हेममेखले! प्रिये हेममेखले! कुठं आहेस तू?"

इथं विलूनं गात प्रवेश करायचा. ती हलली नाही.

"हेममेखले!" मालकांनी आवाज चढवला.

समोरच्या विंगेतून सूचकानं पदाचा पहिला शब्द फेकला. कुंदकलिका धावत आली, "अगं, जा की गं बाई!" दिनूनं तोच सूर पुन्हा दिला, मग पुन्हा, जरा जोरात. प्रेक्षकांत चुळबूळ सुरू झाली.

"हेममेखले!!"

तेव्हा विलू गेली. गात नाही, चालत. पोर खांद्यावर टाकलेली. रंगमंचाच्या मधोमध जाऊन ती थांबली आणि तिच्या त्या स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात म्हणाली,

"कुणाला हाक मारताय, मालक? ते नाव तर मघाशी तुम्ही हिला दिलंत. हिला गायला सांगा. हिलाच उडी मारायला सांगा."

थिएटरात हसण्याचा लोट आला. मागून एका बाप्यानं आरोळी ठोकली, "आता गा म्हनावं पोरीला!" शेठ मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मालकांच्या कपाळावरून रंगाचा ओघळ नाकावर आला.

"विलासलेखा!" ते दातओठ खात पुटपुटले. "आत हो."

"तेही तुमच्याच वडिलांनी दिलेलं," विलू म्हणाली. "तेही ठेवून घ्या."

तिनं एका हातानं कमरेचा पुठ्ठ्याचा पट्टा सोडला आणि त्यांच्या पायापाशी टाकला. मग रंगमंचाच्या कडेच्या पायऱ्या उतरून खाली आली. मीही मागोमाग, पिशवी सावरत. ऑर्गनपाशी ती थांबली.

"चला," ती दिनूला म्हणाली.

तो तिच्याकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. त्यानं मान वर करून मालकांकडे बघितलं. मालकांनी बोटानं खूण केली, वाजवा. आणि त्यानं वाजवलं.

वखारीतल्या बायकांनी आम्हाला वाट करून दिली. एका म्हातारीनं आपल्या डोईवरचा पदर ओढून घेत पोरीच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "बरं केलंस, लेकी." स्टँडवर राणीचा मुकुट घातलेली बाई बघायला ही गर्दी जमली. विलूनं मुकुट काढून बाकाखाली ठेवला, नळावर तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. रंग गेला तसा तिचा खरा चेहरा वर आला, काळासावळा, थकलेला, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीचा. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला.

गडहिंग्लजला माझ्या दोन खोल्यांत आम्ही तिघी राहायला लागलो. शेजारणींना मी पोरीचं नाव उषा सांगितलं, तर कुणी अर्थ विचारला नाही, कुणी वळून बघितलं नाही. विलूला त्याचा कोण आनंद! आठवडाभरानं ती चार मुलींना गाणं शिकवायला लागली. मला वाटत होतं, दिनू येईल. खोटं कशाला बोलू, रोज संध्याकाळी मी तीन माणसांचा भात टाकत होते. नालायक असला तरी हातानं वाढवलेला भाऊ. येईल, लाजेल, चुकलं म्हणेल. विलूनंही त्याचं नाव टाकलं नव्हतं. एकदा म्हणालीसुद्धा, "आले तर दारात उभं करू नका हं, वन्सं. आधी पाणी द्या."

तो आला. एका सकाळी, तोच रेशमी झब्बा घालून, हातात पेढ्यांचा पुडा. मी पाणी दिलं. तो प्याला, खुर्चीवर टेकला.

"मालकांचं मन मोठं आहे," तो म्हणाला. "झालं गेलं विसरले. गावोगाव त्या दिवसाचीच चर्चा आहे, म्हणून पुढचे तीन खेळ आत्ताच भरलेत. लोक म्हणतात, ती बाई पोर घेऊन येते तो प्रवेश बघायचाय. मालक म्हणतात, तो प्रवेश तसाच ठेवू. मी त्याला चालसुद्धा बांधलीय."

विलू आतल्या दारात उभी होती. हातात विळीवरची अर्धी चिरलेली भाजी. अजूनही ती वाट बघत होती, हे मला तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. अजूनही त्याला वाव होता.

दिनू उठला, कोपऱ्यातल्या झोळीपाशी गेला आणि वाकला. पोर जागी होती, हातपाय हलवत होती.

"हेमू," तो लाडात म्हणाला. "ए हेमू! बाबा आला बघ. ओळखलंस का, हेमू?"

विलूनं भाजी ताटात ठेवली. हात पदराला पुसले. झोळीतून पोर उचलली आणि त्याच्याकडे न बघता मला म्हणाली,

"वन्सं, यांना सांगा, या नावाचं इथं कुणी राहत नाही."

आणि ती आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

"ताई, तू तरी समजाव तिला," दिनू म्हणाला. हात अजून रिकाम्या झोळीवर होता. पांढरीशुभ्र, निमुळती बोटं, नखं कापून घासलेली. मी जाऊन बाहेरचं दार सताड उघडलं.

"चपला घाल, दिनू," मी म्हणाले.